पाचव्या मिनिटाला आणि आठव्या दिवशी

घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. परीक्षा आहे, पाठ करायचंय, असं काही सांगू नका. ‘शब्द किती पटकन ओळखता येतात ते बघायचंय’ एवढंच सांगा. तीसेक साधे शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा. प्रत्येक चिठ्ठी दाखवण्याआधी एक प्रश्न विचारायचा, चिठ्ठी क्षणभर दाखवायची आणि उत्तर घ्यायचं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. प्रश्न तीन तऱ्हेचे. पहिली तऱ्हा: या शब्दात जोडाक्षर आहे का? दुसरी: या शब्दाचं ‘घडी’शी यमक जुळतं का? तिसरी: ‘थंडी वाजायला लागली तशी आजीने नातवाच्या अंगावर अमुक घातली’, या वाक्यात हा शब्द बसतो का? समजा, चिठ्ठीवर शब्द आहे ‘गोधडी’.

जोडाक्षर आहे की नाही हे सांगायला नुसती नजर पुरते, गोधडी म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालतं. यमक जुळवायला शब्द मनातल्या मनात उच्चारावा लागतो. वाक्यात बसवायचा तर मात्र ती गोधडी, ती थंडी, ती आजी, सगळंच निदान क्षणभर मनात यावं लागतं. एका शब्दाला यातला एकच प्रश्न विचारायचा. चिठ्ठ्या संपल्या की दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोला, चहा घ्या आणि मग अचानक विचारा: मघाशी कोणकोणते शब्द होते? समोरचा माणूस जरा गडबडेल, कारण लक्षात ठेवायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी शब्द येतात. वाक्यात बसवून पाहिलेले सहसा सर्वांत जास्त येतात, यमकाचे त्याहून कमी. जोडाक्षर शोधलेले बरेचसे शब्द, जणू ते डोळ्यांसमोर आलेच नव्हते, असे गायब झालेले असतात.

मूळ प्रयोग कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातला. फर्गस क्रेक आणि एंडेल टल्विंग यांनी १९७५ साली अशा दहा प्रयोगांची मालिका प्रसिद्ध केली. शब्द इंग्रजी होते, त्यामुळे पहिल्या तऱ्हेचा प्रश्न ‘शब्द मोठ्या लिपीत छापलाय का?’ असा होता. बाकी रचना वर सांगितली तशीच. शब्द डोळ्यांसमोर राहायचा तो सेकंदाचा पाचवा हिस्सा. शेवटी एक मोठी यादी हातात देऊन ‘यातले मघाशी पाहिलेले शब्द ओळखा’ असं सांगण्यात आलं. ज्यांचं उत्तर ‘हो’ होतं अशा शब्दांपैकी, पहिल्या प्रयोगात, नुसती छपाई पाहिलेले १८ टक्के शब्द ओळखले गेले, यमक तपासलेले ७८ टक्के आणि वाक्यात बसवलेले ९६ टक्के. माणसं तीच, बैठक तीच, शब्द समोर असण्याचा वेळही तेवढाच. वेगळा होता तो फक्त आधी विचारलेला प्रश्न. स्मरणशक्तीला आपण जन्मजात देणगी मानतो, कुणाची चांगली आणि कुणाची वाईट. एकाच माणसाच्या एकाच बैठकीतली ही तफावत पाहिली की त्या समजुतीला बराच धक्का बसतो.

यावर लगेच सुचणारी शंका त्या दोघांनाही सुचली होती. अर्थाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ लागतो, मग हा सगळा त्या जास्तीच्या वेळाचाच प्रताप नसेल कशावरून? म्हणून त्यांनी एक मुद्दाम किचकट पण अर्थाशी संबंध नसलेलं काम तयार केलं. शब्दातली स्वर-व्यंजनं दिलेल्या क्रमाने येतात का, हे तपासायचं. या कामाला वाक्यात शब्द बसवण्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागला, आणि तरीही नंतर ओळखले गेले ते वाक्यातलेच शब्द जास्त. डोकं शिणलं, वेळ गेला, पण त्याचा मोबदला आठवणीत जमा झाला नाही. रात्री दोनपर्यंत बसूनही काही डोक्यात न राहिलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे पटेल.

‘लक्षात ठेवायचंच’ या निश्चयाचंही तसंच. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात टॉमस हाइड आणि जेम्स जेंकिन्स यांनी लोकांना २४ शब्द ऐकवले. काही जणांना फक्त ‘हे शब्द लक्षात ठेवा’ एवढंच सांगितलं. काहींना प्रत्येक शब्द ऐकून तो कितपत सुखद वाटतो ते ठरवायला सांगितलं आणि पुढे परीक्षा आहे याची कल्पनाच दिली नाही. दोन्ही गटांना सरासरी सुमारे १६ शब्द आठवले. ज्यांनी नकळत, पण शब्दातलं एखादं अक्षर शोधत किंवा अक्षरं मोजत ऐकलं होतं, ते दहाच्या आसपास अडकले. मन शब्दाच्या अर्थाशी गुंतलं असेल तर निश्चय नसला तरी भागतं, आणि मन अक्षरांवरच फिरत असेल तर निश्चयानेही फार काही साधत नाही.

या साऱ्यामागची मांडणी क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ साली केली होती. त्याआधीच्या दशकात स्मृतीकडे कोठारांची रांग म्हणून पाहिलं जाई: माहिती आधी अल्पकाळाच्या कोठारात येते, तिथे ती पुरेशी घोळवली की दीर्घकाळाच्या कोठारात जाते. क्रेक आणि लॉकहार्ट म्हणाले, कोठारं बाजूला ठेवा. माहिती आत येताना मनाने तिच्यावर काय काम केलं ते बघा. आठवण हा त्या कामाचा मागे राहिलेला ठसा आहे. काम वरवरचं असेल तर ठसा लवकर पुसतो, अर्थापर्यंत गेलेलं असेल तर टिकतो.

नुसतं घोळवण्याचं काय होतं, हेही क्रेक यांनी मायकेल वॉटकिन्स यांच्यासोबत १९७३ मध्ये तपासलं. त्यांची युक्ती साधी होती. शब्दांची यादी ऐकवायची आणि विशिष्ट अक्षराने सुरू होणारा शेवटचा शब्द सांगायला सांगायचा. ऐकणारा काय करणार? तसा एक शब्द आला की पुढचा येईपर्यंत तो मनात धरून ठेवणार, पुढचा आला की आधीचा सोडणार. अशा रीतीने काही शब्द क्षणभर धरले गेले, काही बराच वेळ. मग अचानक विचारलं, सगळे शब्द सांगा. जास्त वेळ धरलेला शब्द जास्त आठवला असं काही दिसलं नाही. ओठांवर शब्द फिरवत ठेवला की तो तेवढ्या वेळापुरता हाताशी राहतो, पण त्याने तो मनात खोल जातोच असं नाही.

अर्थाकडे पाहिलं की आठवण टिकते ती का? याचं बरंचसं उत्तर त्याच टोरांटोच्या प्रयोगांतल्या एका बारकाव्यात आहे. प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलेले शब्द ‘नाही’ आलेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहिले. गोधडी आजीच्या वाक्यात बसते, म्हणून शब्द आणि वाक्य एकमेकांना चिकटतात. पुढे आजी आठवली की गोधडी मागोमाग येते. त्याच वाक्यात ‘विहीर’ घालून पाहिली तर विचार तेवढाच होतो, पण चिकटायला जागा मिळत नाही. वाक्य जितकं भरगच्च, तितका शब्द पुढे जास्त आठवला, हेही त्यांना दिसलं. आठवणं म्हणजे परत शोधून काढणं, आणि शोधायला जितक्या वाटा तितकं बरं. जोडाक्षर शोधताना एकही नवी वाट तयार होत नाही, कारण जोडाक्षरं असलेले हजारो शब्द आहेत. ‘जोडाक्षर’ म्हटल्यावर त्यातला नेमका हाच शब्द का आठवावा?

स्वतःशी जोडलेली गोष्ट याच कारणाने फार टिकते. १९७७ मध्ये कॅनडातल्याच कॅल्गरी विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वभावाची विशेषणं दाखवून ‘हे तुम्हाला लागू पडतं का?’ असा चौथा प्रश्न वाढवला, आणि तो अर्थाच्या प्रश्नालाही मागे टाकून गेला. माणसाला स्वतःबद्दल जितकं माहीत असतं तितकं दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच. वाटा तिथे आधीच पुष्कळ असतात.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं: अर्थ म्हणजे खोल, खोल म्हणजे चांगलं. पण या मांडणीतली एक फट ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली यांनी १९७८ मध्ये नेमकी दाखवली. खोली मोजायची कशाने? जे जास्त आठवतं ते खोल, आणि खोल आहे म्हणून जास्त आठवतं, असं म्हटलं तर आपण गोल गोल फिरतो. हा आक्षेप पुरता मिटला, असं मला वाटत नाही.

त्याआधी वर्षभर आलेला एक प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. मॉरिस, ब्रॅन्सफर्ड आणि फ्रँक्स यांनी पहिला अर्धा भाग तसाच ठेवला, काही शब्द वाक्यात बसवलेले, काही यमकाने तपासलेले. परीक्षा मात्र दोन प्रकारची घेतली. नेहमीच्या परीक्षेत, म्हणजे पाहिलेले शब्द ओळखायचे तेव्हा, अर्थाचे शब्द पुढे होते: साधारण ८४ टक्के, तर यमकाचे ६३. दुसऱ्या परीक्षेत पाहिलेले शब्द नव्हतेच. नवे शब्द दाखवून विचारलं, मघाशी पाहिलेल्या एखाद्या शब्दाशी याचं यमक जुळतं का? आता पारडं फिरलं. अर्थाचे ३३, यमकाचे ४९. ‘वरवरचं’ म्हणून ज्याला हिणवलं, तेच काम या परीक्षेला उपयोगी पडलं. म्हणजे पुढे जी मागणी होणार असेल, तिला साजेसं काम आधी झालेलं असणं महत्त्वाचं.

हे वाचताना मराठी माणसाला पाढे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. चौदा आठे बारोदरसे, पंधरा साते पंचोदरसे. ‘बारोदरसे’ हा शब्द पाढ्याबाहेर कुणी वापरत नाही, तरी ज्यांनी लहानपणी पाढे म्हटले त्यांच्या तोंडून साठीतही तो बिनचूक येतो. तिथे एकशे बारा या संख्येचा अर्थ लक्षात ठेवलेला नसतो, नाद आणि ठेका ठेवलेला असतो, आणि भाजीच्या हिशेबाला तेवढा पुरतो. त्याच मुलाला ‘चौदा माणसांच्या आठ रांगा’ असं गणित घातलं की काही जण अडतात, कारण मागणी बदलली. पाढा म्हणणं आणि गुणाकार कुठे करायचा हे उमगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची गरज असते आणि एकीने दुसरीचं काम भागत नाही. घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी आणि सरसकट तिचा कैवार घेणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

वेदपाठाची परंपरा तर नादाच्या स्मरणाची परिसीमाच म्हणायची. तिथे उद्दिष्टच असं की एकही स्वर, एकही मात्रा बदलता कामा नये. मग संहिता नुसती पुन्हापुन्हा म्हणून भागवलं आहे का? तसं दिसत नाही. पदपाठात शब्द सुटे केले, क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या केल्या, जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट, आणि घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी वीण घातली. सरळ म्हणताना एका शब्दाच्या ओघात पुढचा आपोआप येतो. उलट म्हणताना ओघ मदतीला येत नाही, प्रत्येक शब्द स्वतःहून काढावा लागतो, आणि एखादा निसटला तर वीण तिथेच तुटते. माझ्या मते ही घोकंपट्टी म्हणण्याजोगी गोष्टच नाही. नादावर केलेलं ते अत्यंत सूक्ष्म आणि कष्टाचं काम आहे.

आता काळाकडे वळू. वरच्या बहुतेक प्रयोगांत परीक्षा काही मिनिटांतच झाली होती, आणि आपल्याला तर आठवड्याने, वर्षाने लागणारी आठवण हवी असते.

विसरण्याचं पहिलं मोजमाप हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने केलं. त्याचं पुस्तक १८८५ सालचं. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. पाठ करायला त्याने अर्थ नसलेली अक्षरं मुद्दाम तयार केली, कारण अर्थ आला की जुन्या ओळखी मदतीला येतात आणि मोजमाप बिघडतं. किती आठवलं हे तो मोजत नसे. तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, हे तो मोजी. तासाभराने साधारण ४४ टक्के बचत, दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५, आणि एकतीस दिवसांनी २१. पहिल्या तासात कडा कोसळावा तशी घसरण, मग लांबलचक सपाटी. हे आकडे आजकाल ‘माणूस एका दिवसात दोन तृतीयांश विसरतो’ अशा थाटात फिरवले जातात. ते निरर्थक अक्षरांचे आकडे आहेत, आणि तेही परत शिकण्यातल्या बचतीचे. गोष्टीला किंवा इतिहासाच्या धड्याला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कारण अर्थ असलेल्या मजकुरात सगळं सारख्या वेगाने जात नाही. जॅकलीन सॅक्स यांनी १९६७ मध्ये लोकांना दुर्बिणीच्या शोधाबद्दलचा उतारा ऐकवला. त्यात कुणीतरी गॅलिलिओला पत्र पाठवल्याचं एक वाक्य होतं. नंतर ते वाक्य कधी जसंच्या तसं, कधी शब्दांचा क्रम बदलून, कधी अर्थ उलटवून, म्हणजे गॅलिलिओनेच त्याला पत्र पाठवलं असं करून, पुन्हा समोर ठेवलं. वाक्य नुकतंच कानावर पडलेलं असताना सगळे बदल ओळखू आले. मध्ये जेमतेम अर्ध्या मिनिटाचा मजकूर गेला, तर शब्दक्रमातला बदल लोकांना कळेनासा झाला, अर्थातला मात्र कळत राहिला. शब्द आधी जातात, आशय मागे राहतो. ज्याने मुळात फक्त शब्दच घेतले, त्याच्याकडे अर्ध्या मिनिटानंतर उरणार काय?

काळाचा खेळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो मात्र अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका प्रयोगात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक छोटा शास्त्रीय उतारा दिला. प्रत्येक गटाला पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या. पहिल्या गटाने चारही फेऱ्या उतारा वाचला. दुसऱ्याने तीन फेऱ्या वाचला आणि चौथ्या फेरीत उतारा मिटून, आठवेल ते कागदावर लिहिलं. तिसऱ्याने एकच फेरी वाचला आणि तीन फेऱ्या कोऱ्या कागदावर आठवून लिहिलं. लिहिलेलं तपासून कुणी दिलं नाही, चुका सांगितल्या नाहीत. पहिल्या गटाचा उतारा सरासरी चौदा वेळा वाचून झाला, तिसऱ्याचा तीन-साडेतीन वेळाच.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट ८३ टक्क्यांवर, दुसरा ७८, तिसरा ७१. वाचणाऱ्यांची सरशी. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांची हीच परीक्षा आठवड्याने घेतली. पहिला गट ४० टक्क्यांवर आला होता, दुसरा ५६, आणि तिसरा ६१. रांग पूर्ण उलटी झाली होती. तिसऱ्या गटाने सात दिवसांत दहाएक टक्के गमावले, पहिल्याने चाळीसच्या वर. आणि आठवड्याने तुम्हाला किती आठवेल, असं आधी विचारलं तेव्हा सर्वांत जास्त खात्री होती ती पहिल्या गटालाच.

या शेवटच्या वाक्यावर मी थांबून राहतो, कारण आपल्याकडचे लाखो तास इथे वाया जातात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. पुस्तकाची पानं पिवळ्या-गुलाबी हायलायटरने भरलेली, आणि गप्पांत एकच विचारणा: किती रिव्हिजन झाल्या? चौथ्या वाचनाला पान ओळखीचं वाटतं, डोळे झरझर फिरतात, ओळ अर्धी वाचताच उरलेली कळते. ती ओळख खरीच असते. पण पान समोर असताना ते ओळखणं आणि पान समोर नसताना त्यातलं काढून दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि चार वेळा वाचताना सराव झालेला असतो तो पहिल्या कामाचा. मुलं आळशी असतात म्हणून हे होत नाही. उलट, घरापासून दूर, मेसचं जेवण जेवून, वर्षानुवर्षं ती दिवसाचे बारा-बारा तास बसतात. त्यांच्या कष्टांना साजेसं फळ मिळत नाही, कारण पद्धतीचं यश त्या क्षणी दिसतं आणि अपयश पुढे कधीतरी. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी दहा अभ्यासपद्धतींवरचं संशोधन चाळून काढलं. अधोरेखन आणि पुन्हा वाचन कमी उपयोगाच्या यादीत गेलं, स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं सर्वांत उपयोगाच्या.

एक पान घेऊन बघू. विषय, पेशवाईचा शेवट. वसईचा तह १८०२, पुण्याचा तह जून १८१७, खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७, फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखल्यांचा मृत्यू, जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची इंग्रज अधिकारी माल्कमकडे शरणागती, आठ लाख रुपयांचं वार्षिक पेन्शन आणि कानपूरजवळ बिठूरला वास्तव्य. हे पान चार वेळा वाचलं तर चारही वेळा छान समजतं.

त्याऐवजी एकदा सावकाश वाचा आणि वाचतानाच स्वतःला अडवा. वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करलेला बाजीराव पंधरा वर्षांनी इंग्रजांवर उलटला का? पुण्याच्या तहाने मराठी सत्तांचं प्रमुखपण त्याच्याकडून लेखी काढून घेतलं, मुलूख घेतला, हे उत्तर सापडलं की दोन सनावळ्या एकमेकींना चिकटतात. त्याला पुण्यात न ठेवता गंगेकाठी इतक्या लांब का पाठवलं असेल? पुस्तकात उत्तर नसलं तरी प्रश्न पडला की बिठूर हे नाव अधांतरी राहत नाही. हे झालं अर्थाचं काम.

मग पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. दोन गोष्टी येतील, तिसरी येणार नाही. त्या न येण्याच्या जागी लगेच पान उघडू नका. आष्टी की खडकी, आधी काय, अशी मिनिटभर धडपड होऊ द्या. धडपडून मिळालेलं उत्तर पुढच्या वेळी सोपं सापडतं. पर्यायी प्रश्नांची परीक्षा असेल तर चार पर्यायांतून निवडण्याचा सराव वेगळा करावा लागेल, वर्णनात्मक पेपर असेल तर सलग लिहिण्याचा. मॉरिस आणि मंडळींचा धडा इथे लागू पडतो.

पुन्हा कधी लिहून बघायचं, याचंही उत्तर शोधलं गेलं आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून अधिक लोकांवर प्रयोग केला. पहिल्या आणि दुसऱ्या अभ्यासात वेगवेगळं अंतर ठेवलं आणि परीक्षाही वेगवेगळ्या काळाने, कमाल वर्षभराने, घेतली. परीक्षा आठवड्यावर असेल तर त्या काळाच्या २० ते ४० टक्के, म्हणजे दीड ते तीन दिवसांचं अंतर सर्वांत फलदायी ठरलं. वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे साधारण तीन ते पाच आठवड्यांचं. जितकं लांबचं हवं तितकं अंतर वाढवायचं. पाच आठवड्यांनी कागद घेऊन बसलं की आपण सगळं विसरलो असं वाटतं आणि धीर खचतो. पण थोडं विसरलेलं असतानाच पुन्हा आठवण्याचा फायदा मोठा असतो.

पान मात्र शेवटी उघडायचंच. कारण अर्थावर उभी असलेली आठवण एका बाबतीत दगा देऊ शकते. रोडिगर यांनीच कॅथलीन मॅकडर्मॉट यांच्यासोबत १९९५ मध्ये शब्दांच्या काही याद्या ऐकवल्या. मराठीत करायचं तर पलंग, उशी, पांघरूण, जांभई, रात्र, अंगाई, घोरणं अशी यादी. यादीत ‘झोप’ हा शब्द नाही. तरी त्यांच्या पहिल्या प्रयोगात असे न ऐकलेले शब्द लोकांनी ४० टक्के वेळा ऐकल्याचं लिहिलं, आणि बऱ्याचदा खात्रीने. सगळे शब्द ज्या अर्थाकडे बोट दाखवतात, तो अर्थच शब्द बनून आठवणीत शिरला. अर्थाकडे लक्ष देऊन ऐकणाऱ्यांच्या बाबतीत असे पाहुणे शब्द वाढतात, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं.

आपल्या पानावर याचा अर्थ असा: बाजीराव पेशवा, शरणागती, इंग्रज एवढा आशय पक्का असला की ‘पुण्यात शरण आला’ असं हात सहज लिहून जाईल, कारण ते शोभतं. रोडिगर-कार्पिकींच्या प्रयोगात चुका कुणी दाखवल्या नाहीत तरी फायदा झाला, हे खरं. पण घरी करताना लिहिलेलं पुस्तकाशी ताडून पाहायला दोन मिनिटं पुरतात, आणि जिथे आपली खात्री होती तिथेच आधी बोट ठेवायचं. सन, स्थळ, आकडा, माणसाचं नाव या गोष्टी आशयातून निघत नाहीत. त्या वेगळ्या तपासाव्या लागतात आणि तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर मागाव्या लागतात.